कोंबड्यांच्या पुस्तकातली सोळा पानं

खळकाकांना मी चोवीस वर्षं ओळखते. त्यातली तेवीस वर्षं ते मला पूर्ण शहाणे वाटत होते.

मी वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर बसते. पुस्तक द्यायचं, परत घ्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा आणि उशीर करणाऱ्यांची लाज काढायची, हे माझं काम. माझ्या पाठीमागच्या खोलीत खळकाका, आमचे बाइंडर. मैदा शिजवून केलेली खळ त्यांच्या नखांत इतकी मुरली होती की हात धुऊन आले तरी कागद बोटाला चिकटून यायचा. म्हणून हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते कुणी वाचत नव्हतं.

त्यांच्या खोलीत पुस्तकं दाबायचा एक लोखंडी प्रेस, शिवायची लाकडी चौकट, दोऱ्याची रिळं आणि खिडकीत सुकत ठेवलेले पुठ्ठे. टेबलावर एक वही, तिच्यात दोनच रकाने : नेलं आणि आणलं. चौतीस वर्षांत त्या दोन रकान्यांत एका पुस्तकाचाही फरक पडला नव्हता. एकदा एक सुटं पान वाऱ्यानं उडून शेजारच्या दवाखान्याच्या पत्र्यावर पडलं, तर हा माणूस पंचावन्नाव्या वर्षी शिडी लावून पत्र्यावर चढला. पान प्रकाशकाच्या जाहिरातीचं होतं. मी खालून तसं ओरडून सांगितलंही. तरी चढले.

पुस्तकं मात्र ते वाचत नसत. "आत काय आहे ते बघायचं काम तुमचं, बाई," म्हणायचे. "ते बाहेर पडू नये एवढं मी बघतो."

मग ती एकोणीस पुस्तकं आली आणि सगळा विचका झाला.

एक वयस्कर बाई गाडीतून चार खोकी घेऊन आल्या. त्यांचे यजमान बँकेत संगणकांच्या सुरक्षेचं काम करायचे. वर्षापूर्वी गेले. आयुष्यभर जमवलेली ही त्यांची पुस्तकं : दुसऱ्याच्या संगणकात कसं शिरतात, शिरणाऱ्याला कसं थोपवतात, आणि एकही गोळी न झाडता नुसत्या खऱ्याखोट्या बातम्यांवर देश एकमेकांशी कसे लढतात. बाईंची अट एकच. एक कप्पा हवा आणि त्यावर यजमानांच्या नावाची पाटी. अध्यक्षांनी "अवश्य, अवश्य" म्हणून दोन्ही हात जोडले. बाई गेल्या. मी एकोणीसच्या एकोणीस पुस्तकांवर वाचनालयाचा शिक्का मारला. त्यानंतर अध्यक्षांनी पहिलं पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"ही पुस्तकं हॅकर येऊन फुकटात वाचणार," ते म्हणाले, "आणि प्रयोग कुणावर करणार? आपल्या संगणकावर."

आमचा संगणक म्हणजे अध्यक्षांच्या केबिनमधला एकुलता एक. त्यावर ते दुपारी पत्ते खेळतात. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्याच्याच कपाळावर चिकटवलेला असतो. पण हे त्यांना सांगणार कोण?

पुस्तकं परत करता येईनात, कारण मी शिक्का मारून बसले होते. फाडता येईनात, कारण नोंद झाली होती. मग अध्यक्षांनी खळकाकांना बोलावलं. "ही पुस्तकं इथंच राहायला हवीत आणि कुणाला सापडायला नकोत. कुठं ठेवलीत ते कुणालाही कळता कामा नये. मलासुद्धा सांगायचं नाही." कप्पा कधी होणार असं बाई विचारतील तेव्हा, सुतारकाम चालू आहे म्हणून मी सांगायचं, असंही ठरलं.

काकांनी मान डोलावली आणि चारही खोकी आपल्या खोलीत नेली. नेलं या रकान्यात एकोणीस आकडा पडला.

आता लपवायचं तर कुणापासून आणि कसं, हे कळायला हवं. म्हणून त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा बाइंडिंगला आलेलं पुस्तक उघडून वाचलं. मग दुसरं वाचलं. सात आठवड्यांत एकोणीस संपवली. कुठलीही गोष्ट इतक्या उशिरा अंगात शिरली की ती चांगलीच भिनते. काका खोलीत शिरताना दाराची फट तपासायला लागले. माझा चहासुद्धा मी आधी एक घोट घेतल्याशिवाय घेईनात. काकू एक दिवस तावातावानं माझ्या खिडकीवर आल्या.

"काल भाजी घेऊन घरी गेले, तर हे आतून विचारतात, कोण. मी म्हटलं, तुमची बायको. तर म्हणतात, आवाज काय कुणीही काढेल. तुझ्या माहेरच्या विहिरीला पायऱ्या किती?"

"मग?"

"तेरा म्हटलं. तर म्हणाले, हे तुझ्या बहिणीलाही माहीत असणार. अजून एक विचारतो. हातात पाच किलोंची पिशवी, बाई. सदतीस वर्षांचा संसार, आणि मी दारात परीक्षा देतेय."

मी हसले. तेव्हा मला हसू येत होतं.

पुढचे काही महिने शांततेत गेले. अध्यक्षांना एकदा स्वतःच्याच केबिनच्या कपाटात, खालच्या फळीवर, ती एकोणीस पुस्तकं दिसली. कव्हरं तीच, नावं तीच. आपल्याच नाकाखाली लपवली, या काकांच्या चतुराईवर ते खूश झाले आणि त्यांना हात न लावता त्यांनी कपाट बंद केलं.

मग एका सकाळी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी कोंबडीपालनाचं पुस्तक माझ्यासमोर आपटलं. शाळा सोडून नऊ वर्षं झाली, तरी आवाज वर्गातलाच. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला ऊब कशी द्यावी हे वाचता वाचता पान शहाण्णव संपलं, आणि पुढच्या पानावर एक भामटा बँकेतल्या कारकुनाला फोन करून, गोड बोलून, त्याच्या पोटातून पासवर्ड काढत होता. अशी सोळा पानं. मग पान सत्त्याण्णव, आणि कोंबडी परत अंड्यांवर.

"छापखान्याची चूक दिसतेय," मी म्हटलं. "बदलून देते."

"बदलून काय देतेस? त्या कारकुनानं पासवर्ड सांगितला की नाही, ते कुठं आहे?"

मी पुस्तक घेतलं आणि सरळ मागच्या खोलीत गेले. काकांनी दार लावलं, खिडकी लावली, रेडिओ मोठा केला आणि मग माझ्या कानाशी येऊन बोलायला लागले. सगळं एका जागी ठेवू नये, असं तिसऱ्या पुस्तकात होतं. म्हणून त्यांनी एकोणीसही पुस्तकं उसवली. सोळा पानांचा एक फर्मा, असे तीनशे चार फर्मे निघाले. वाचनालयातली तीनशे चार रटाळ पुस्तकं निवडली आणि प्रत्येकात मधोमध एकेक फर्मा शिवून टाकला. त्या पुस्तकांतलं स्वतःचं एक पानही काढलं नाही, कारण ती चोरी झाली असती. शत्रूला भुलवायला खोटा माल ठेवावा, असं अकराव्या पुस्तकात होतं. म्हणून जुन्या कव्हरांत वाचनालयाचे वार्षिक अहवाल शिवून ते अध्यक्षांच्या कपाटात ठेवले.

मी स्टुलावर बसले. "यादी कुठंय? कुठला फर्मा कुठल्या पुस्तकात त्याची?"

त्यांनी कपाळाला बोट लावलं. "गुपित लिहून ठेवायचं नाही. आठव्या पुस्तकात, पहिल्याच धड्यात आहे."

"आणि कुणी ही पुस्तकं वाचायला नेली तर?"

"बारा वर्षांत ज्यांच्या चिठ्ठीवर एकही तारीख पडलेली नाही, तीच घेतलीत. सांडपाणी, वाळवी, संस्थांचे पोटनियम. कोण नेतंय?"

"मुख्याध्यापिकाबाईंनी कोंबड्या पाळल्यात," मी म्हटलं.

काकांचा चेहरा पडला. कुणीतरी खरंच पुस्तक वाचेल, हा धोका एकोणीसपैकी एकाही पुस्तकात सांगितलेला नव्हता.

शेवटी ठरलं की मुख्याध्यापिकाबाईंना पुढचा फर्मा सांगायचा. अर्धवट माहिती सगळ्यात घातक, असं चौदाव्या पुस्तकात आहे म्हणे. तो सांडपाण्याच्या पुस्तकात निघाला. बाईंनी तो एका दिवसात वाचून काढला, आपल्या बहिणीला सांगितलं, बहिणीनं शिंप्याला सांगितलं, आणि सुरू झालं. लोक वाचून यायचे, मागच्या खोलीत जाऊन शेवटची ओळ म्हणायचे, काका डोळे मिटून पुढचं पुस्तक सांगायचे, आणि बाहेर येऊन लोक माझ्याकडे वाळवी मागायचे. वाळवीला चौदा जणांची प्रतीक्षायादी लागली. पोटनियमांसाठी दोन सभ्य गृहस्थ माझ्यासमोर हमरीतुमरीवर आले. सांडपाणी पंधरा दिवसांत खिळखिळं झालं आणि काकांना पुन्हा शिवावं लागलं.

अध्यक्षांना हे आकडे दाखवले तर ते हरखले. जनतेची अभिरुची बदलतेय यावर त्यांनी पाऊण तास भाषण ठोकलं आणि सांडपाण्याच्या आणखी पाच प्रती मागवल्या. कोऱ्या करकरीत. लोक त्या नेत आणि संध्याकाळच्या आत तोंड वाकडं करून परत आणून देत.

आणि तेवढ्यात पुस्तकं देणाऱ्या त्या बाईंचं पत्र आलं. वर्ष झालं, सुतारकाम झालं असेल. पितळी पाटी करून घेतली आहे. येत्या सोमवारी कप्पा बघायला येते.

अध्यक्षांनी ऐटीत कपाट उघडलं. पहिलं पुस्तक काढलं, चाळलं, आणि आतून त्यांचंच सहा वर्षांपूर्वीचं भाषण निघालं. दुसऱ्यातून त्यांच्या आधीच्या अध्यक्षांचं. त्यांनी एकोणीसही पुस्तकं जमिनीवर फेकली आणि काकांना बोलावलं.

"विकलीत ना पुस्तकं?"

"नाही."

"मग कुठं आहेत?"

"कुणालाही सांगायचं नाही, असं ठरलंय."

"मी विचारतोय. मी अध्यक्ष आहे."

"तुम्हालासुद्धा सांगायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होता," काका म्हणाले. "तेव्हा तुम्ही शांत होता, आता रागात आहात. माणूस रागात असताना दिलेला हुकूम आधीच्या हुकमाला खोडू शकत नाही. सोळावं पुस्तक."

मग अध्यक्षांनी हळू आवाजात सांगितलं की महिनाअखेरीला काका निवृत्त होतायत ना, तर सोमवारी बाईंना पुस्तकं दिसली नाहीत तर निवृत्तीच्या कागदावर ‘चोरी’ असा शब्द येईल. वाचनालयाच्या फळ्यावरही लागेल.

काका खोलीत परत आले आणि त्या वहीसमोर बसले. नेलं, एकोणीस. आणलं, काही नाही. त्यांनी प्रेसचं चाक उगाचच घट्ट केलं, सैल केलं. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं. चौतीस वर्षं ज्यानं जाहिरातीचं पानसुद्धा हरवू दिलं नाही, त्याच्या नावापुढे हा शब्द?

"काका, आठ दिवस आहेत," मी म्हटलं. "तीनशे चारही पुस्तकं परत मागवते. तुम्ही उसवा, पुन्हा जुळवा."

दोनशे सत्तर पुस्तकं लोकांच्या घरी होती. मी फोन घेऊन बसले. पहिला फोन मुख्याध्यापिकाबाईंना.

"वाचनालयातून बोलतेय. तुमच्याकडचं पुस्तक तातडीनं परत हवंय."

"तातडीनं," बाई म्हणाल्या. "घाई करायला लावणं, ही पहिली खूण. तू वाचनालयातूनच बोलतेयस कशावरून?"

"बाई, अठरा वर्षं आपण रोज बोलतोय."

"भामटाही हेच म्हणेल." आणि फोन ठेवला.

बारा फोन केले, बाराही जणांनी ठेवले. एकानं माझंच नाव, पत्ता आणि जन्मतारीख विचारून घेतली आणि मी सांगितल्यावर, असं कुणालाही सांगत जाऊ नका म्हणून मलाच झापलं. मग पत्रं पाठवली. त्यातली निम्मी परत आली, वर शेरे मारून : शिक्क्याची शाई नेहमीपेक्षा फिकट आहे, पत्र बनावट, इतरांना सावध केलं आहे. शाई फिकट होती, कारण इतकी पत्रं पाठवून गादी सुकली होती.

शेवटी मी स्वतः चालत शिंप्याकडे गेले. तो मशीनवरून उठलाही नाही.

"चेहरा जुळतो," तो म्हणाला. "पण चेहऱ्यावर विसंबू नये. मागल्या वर्षी तुमच्या ब्लाउजची कुठली बाही आखूड झाली होती?"

"डावी."

"बरोबर. त्यावर तुम्ही मला काय म्हणाला होता?"

दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. "ते मी चारचौघांत बोलणार नाही," मी म्हटलं.

"मग पुस्तक नाही," शिंपी म्हणाला आणि पाय मारायला लागला.

माझ्या नाकी नऊ आले. आठ दिवसांत एकूण अकरा पुस्तकं आली. मी काकांना म्हटलं, "तुम्ही या लोकांना काय करून ठेवलंत?" ते म्हणाले, "मी काही नाही केलं. साहेबांच्या पुस्तकांनी केलं." साहेब म्हणजे त्या बाईंचे गेलेले यजमान. आवाजात अभिमान होता, आणि चेहरा फाशी जाणाऱ्याचा.

सोमवारी बाई आल्या. हातात कापडात गुंडाळलेली पाटी. अध्यक्ष पुढे झाले आणि जमिनीवरचे एकोणीस वार्षिक अहवाल दाखवून म्हणाले, "आम्हाला अतिशय खेद आहे. तुमची पुस्तकं या माणसानं चोरली."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका नवा शर्ट घालून आले होते, इस्त्रीची घडीही मोडली नव्हती.

"कुठं आहेत हो?" बाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही.

काका म्हणाले, "माफ करा, पण आधी एक विचारावं लागेल. साहेब समासात लिहायचे. कशानं?"

अध्यक्षांनी कपाळावर हात मारला.

"हिरव्या शाईनं," बाई म्हणाल्या. "पेन खिशात गळायचं. त्यांच्या सगळ्या शर्टांवर हिरवा डाग आहे. मी अजून टाकले नाहीत."

काकांनी मान डोलावली. त्यांना खिडकीपाशी नेलं आणि कानात सांगायला लागले. बराच वेळ सांगत होते. मग त्यांनी मला खूण केली. मी परत आलेल्या अकरांतलं कोंबड्यांचं पुस्तक काढून पान शहाण्णवच्या पुढे उघडून बाईंच्या हातात दिलं.

समासात हिरव्या शाईत बारीक अक्षर होतं : ‘हे घरी समजावून सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. दार लावलं की एकदा ओढून बघत जा, इतकं साधं आहे.’

त्याच्याखाली पेन्सिलीनं, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं. एरवी पुस्तकात लिहिणाऱ्याला मी फाडून खाते. शिंप्याचं अक्षर : ‘साहेब, मलाही असाच फोन आला होता. तुमचं वाचलं म्हणून वाचलो.’ मुख्याध्यापिकाबाईंचं, ठसठशीत : ‘मुद्दा योग्य. दहापैकी दहा.’ कुणीतरी : ‘मी आता रोज ओढून बघतो.’ आणखी कुणीतरी : ‘मी पण.’ पान भरलं होतं, म्हणून पुढची माणसं कोंबड्यांच्या पानावर गेली होती.

बाई उभ्यानं वाचत होत्या. मी खुर्ची सरकवली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "चाळीस वर्षं हे एकच टुमणं," त्या म्हणाल्या. "जेवताना तेच, झोपताना तेच. मी रेडिओ मोठा करायचे."

त्यांनी पान उलटलं, ते सोळा पानांतलं शेवटचं होतं.

"पुढचं कुठं आहे?"

"सांडपाण्यात," काका म्हणाले.

"सांडपाण्याला बावीस जण आहेत," मी म्हटलं. "तुमचा नंबर तेविसावा. पण तुम्हाला मी आधी—"

"नको," बाई म्हणाल्या. "रांग आहे तर रांगेत थांबते. इतकी वर्षं थांबून ऐकलं नाही, ते बास झालं."

मग त्यांनी काकांची वही मागवली आणि आणलं या रकान्यात स्वतःच्या हातानं एकोणीस लिहून खाली सही केली. अध्यक्ष म्हणाले, "अहो, पण आहेत कुठं?"

"मला सांगितलंय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगायचं नाही, असं तुम्हीच ठरवलंय म्हणे."

कप्पा नव्हताच, म्हणून पाटी माझ्या खिडकीच्या वर ठोकली. पुस्तकं कुठल्याही कप्प्यात असली तरी जातात तिथूनच. काका महिनाअखेरीला निवृत्त झाले, कागदावर नुसतं ‘सेवा समाधानकारक’. आता रोज चार वाजता येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसतात आणि लोकांच्या कानात पुस्तकांची नावं सांगतात. काकूंना हे बरं पडतं. चार ते सहा दाराला कडी नसते.

त्या दिवशी बाईंनी आमचं सभासद कार्ड केलं, कोंबड्यांचं पुस्तक घेतलं आणि निघाल्या. बाहेर जाऊन त्यांनी वाचनालयाचं दार लावून घेतलं. दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या, परत वर आल्या आणि दार एकदा ओढून बघितलं.